पेवावरचं कासव

१

मल्लम्माच्या घराची कडी बायनाबाई रोज सकाळी पावणेनऊला वाजवायची. घड्याळ चुकेल, बायनाबाई चुकायची नाही. आतून ऋतुजा निघालेलीच असायची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपला. पिंगळीच्या ठेसनावर परभणीची गाडी धरायची म्हणजे जीव मुठीत धरून पळणं. "मावशी, अव्वाची गोळी झालीय, चहा झालाय," एवढं दारातून फेकून पोरगी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी व्हायची. मग संध्याकाळी सहापर्यंत घरात दोघीच. खाटेवर मल्लम्मा, आणि तिचं सगळं करायला बायनाबाई.

मल्लम्मा म्हणजे ऋतुजाची आजी. ऐंशी कधीच ओलांडलेली. नवरा वीरुपाक्षअप्पा, गावातले किराणावाले, जाऊन सात वर्षं झाली होती. दसऱ्याला न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला तेव्हापासून ती आडवी. पण लिंगायताच्या घरची बाई. आडवी असली तरी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतल्याशिवाय, कपाळाला विभूती लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. सारं गाव तिला अव्वा म्हणायचं. बायनाबाईही.

बायनाबाई चौसष्टची. पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर होती. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण औषधाच्या बाटल्यांवरचे कागद वाचून, डॉक्टरांनी टाकून दिलेली पुस्तकं उचलून आणि अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून झालेलं. तिच्यासमोर करणी, भानामती असले शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. "भानामती म्हंजे सरकी जास्त खाल्लेली म्हैस," ती म्हणायची. "पोट साफ केलं की भानामती जाती."

कामाला लागून तिसरा दिवस. खरकटं पाणी टाकायला ती पहिल्यांदा परसात गेली आणि तिथंच थांबली.

मागच्या भिंतीला पत्र्याचं छपर होतं. छपराखाली जमिनीत बसवलेली शहाबादी फरशी, दोन हात लांब, दोन हात रुंद. फरशीवर कासव. पाठीवर चांदण्या असतात ते, कोरड्या रानातलं. कवचाच्या कडेला भोक पाडून त्यातून तांब्याची तार ओवलेली, तारेला सुतळी, सुतळी फरशीतल्या लोखंडी कडीला. सुतळी इतकी मापात की जीव फरशीवर गोल फिरू शकेल, पण मातीला पाय लावू शकणार नाही.

पुढ्यात ताटली होती. ताटलीत दुधात भिजवलेलं बिस्किट, आणि त्यावर मुंग्या.

बायनाबाई उकिडवी बसली. नखं वाढून आत वळली होती. चोच पोपटासारखी खाली उतरलेली. डोळे सुजून मिटलेले. तिनं पाठीवर अंगठा दाबला, तर कवच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबलं.

ती तशीच आत गेली.

"अव्वा, ते कासव कुणाचं?"

"मालकांचं."

"मालक जाऊन सात वर्षं झाली. आता कुणाचं?"

"मालकांचंच."

"मरायलंय ते."

"तीस वर्षं झाली मरायलंय," अव्वा शांतपणे म्हणाली. "त्याला तिथनं हलवू नको."

"कामून?"

"मालकांनी ठेवलंय तिथं."

"पण कामून ठेवलंय?"

"मी विचारलं न्हाई. नवऱ्याला समदं विचारायचं नसतंय."

"म्हणूनच नवरे डोक्यावर बसत्यात," बायनाबाई म्हणाली, आणि ताटलीतलं बिस्किट तिनं उकिरड्यावर नेऊन फेकलं.

२

ऋतुजानं आडकाठी केली नाही. "करा मावशी तुम्हाला करायचं ते. मला तर तिकडे बघवतच नाही. लहानपणी सुतळी सोडायला गेले होते, तर अप्पांनी मारलं होतं. अप्पांनी मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलं."

बायनाबाईनं वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिनं स्वतःच आधी सांगून टाकलं, म्हणजे समोरच्याला सांगायला काही उरायला नको. आत्ता फटफटीवर घातलं तर वाटेतच जाईल, ती म्हणाली, अंगात थोडी ताकद येऊ द्या. पुढच्या पंधरवड्यातला गुरुवार ठरला.

मग तिनं आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा गावातला गवंडी, पन्नाशीचा, तोंडानं कामापेक्षा जास्त वेगवान.

"अक्का, कासवाला घरकुल मंजूर झालं म्हणं!"

"झालं. तुझ्याआधी झालं. विटा उचल."

दक्षिणेच्या भिंतीशी, सकाळपासून ऊन येतं तिथं, दीड हात उंचीचं कुंपण घातलं. आत लाल माती आणि वाळू मिसळून टाकली. एका कोपऱ्यात फुटक्या रांजणाचा अर्धा तुकडा पालथा घातला, सावलीला. खरबरीत दगड मांडले, चालताना नखं झिजावीत म्हणून. पाण्याला उथळ परात, बुडणार नाही अशी. दूध बंद, बिस्किट बंद, भात बंद. घोळीची भाजी, लसूणघास, जास्वंदीची पानंफुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. कवचाला चुना मिळावा म्हणून परभणीहून मागवलेला समुद्रफेस, खरवडून पानांवर भुरभुरलेला.

सगळं मांडून झाल्यावर बायनाबाईनं पकडीनं तार कापली आणि कासव उचललं.

पोट गरम होतं. नुसतं कोमट नाही, गरम. कासव म्हणजे थंड रक्ताचा जीव; पौषातली सकाळ, छपराखाली अजून ऊन आलेलं नव्हतं. तिनं फरशीवर हात ठेवला. भाकरी उतरवून घटकाभर झालेला तवा असावा तशी फरशी.

"खाली पेव हाय, अक्का," आश्रुबा म्हणाला. तोंडातली सुपारी त्यानं थांबवली होती. "माझा बा सांगायचा. अप्पांच्या आज्याच्या टायमाचं. दोन पुरुष खोल. ज्वारी भरून ठेवायचे."

"मग त्यातच उत्तर आलं. राहिलेली ज्वारी सडली की तापती. उकिरडा वाफा सोडतो का न्हाई?"

"पन इतकी वर्षं सडंल का?"

"तू गवंडी हायस ना? गवंडीच राहा."

आतून अव्वाची हाक आली नाही. ती रागावेल, ओरडेल असं बायनाबाईला वाटलं होतं. खिडकीतून डोकावून बघितलं, तर अव्वा परसाकडच्या दाराकडे तोंड करून पडली होती. पाहुणे यायच्या दिवशी बायका दाराकडे कान देऊन असतात, तशी.

३

कासवानं चार दिवस काही खाल्लं नाही. बायनाबाई रोज कोमट पाण्यात त्याला पाव घटका बसवायची, डोळे कापसानं पुसायची. पाचव्या दिवशी घोळीचं एक पान त्यानं तोडलं. कट्. एवढासा आवाज, पण बायनाबाईला तो आत स्वयंपाकघरात ऐकू आला, आणि तिचे डोळे भरले. कुणाला सांगितलं नसतं तिनं. सहाव्या दिवशी तिनं त्याची नखं कापली, थोडी थोडी, मुळातल्या रक्ताला धक्का न लावता. सातव्या दिवशी पाठीला तेलाचं बोट पुसलं.

आठव्या दिवशी अकरा वाजता ती फणी घेऊन अव्वाच्या खाटेपाशी आली, आणि बघते तर वेणी घातलेली.

साधी नाही. तेल मुरवून, भांग सरळ पाडून, वेणीचा अंबाडा इतका आवळलेला की अव्वाच्या भुवया वर ताणल्या होत्या. पोरीला आज वेळ मिळाला वाटतं, बायनाबाई मनाशी म्हणाली, आणि फणी परत ठेवली.

संध्याकाळी ऋतुजा आली. "मावशी, किती घट्ट बांधलेत हो केस? दुखतील ना तिला."

बायनाबाईनं आधी स्वतःलाच विचारलं. आपण घातली का? वय झालं. गॅस बंद केला की नाही हे आपण दोनदा बघतो हल्ली. पण तिनं अव्वाच्या डोक्याचा वास घेतला. घरात खोबरेल होतं. हा वास करडईच्या तेलाचा होता, जुन्या, खवट झालेल्या. असं तेल या घरात कुठल्याच बरणीत नव्हतं. तिनं सगळ्या बरण्या उघडून बघितल्या.

४

दहाव्या दिवशी खाट सरकलेली दिसली.

खाटेच्या पायांचे फरशीवर वर्षानुवर्षांचे काळे ठसे होते. चारही पाय ठशांपासून हातभर पुढं. परसदाराच्या बाजूला. बायनाबाईनं खाट मागं ढकलली आणि पायांभोवती खडूनं गोल आखले. ती असंच करायची. शंका आली की खूण करायची, मग बोलायचं. दुपारी ती कासवाला पाला टाकायला गेली आणि परत आली. खडूचे गोल रिकामे होते. खाट आणखी हातभर पुढं.

आवाज आला नव्हता. लोखंडी खाट शहाबादी फरशीवरून सरकते तेव्हा दात शिवशिवतात. काहीच ऐकू आलं नव्हतं.

"अव्वा, दुपारी कोण आलं होतं?"

"तूच की."

"मी परसात होते."

अव्वानं थोडा विचार केला. "मग ती."

"ती कोण?"

"मला काय ठाव? डोळ्याला दिसतंय का मला धड? हात लय ऊन हाईत तिचे. पांघरूण नीट करती." मग जरा हसून, "तुझ्यापरीस बरी वेणी घालती."

"मग तिलाच ठेवा कामाला," बायनाबाई म्हणाली. तिचं हे नेहमीचं उत्तर, पण आवाज नेहमीचा निघाला नाही.

ती परसात गेली. कासव रांजणाखालून बाहेर येऊन उन्हात पाय पसरून पडलं होतं, डोळे उघडे, स्वच्छ. पलीकडं छपराखाली फरशी होती तिथंच होती. जवळ जाऊन बघितलं तर एका कडेला बोटभर फट पडलेली. फटीतून ऊन हवा येत होती. सडक्या धान्याला आंबूस, नाकात चढणारा वास येतो. दवाखान्यात चारा आंबवायचे, मुरघासाचे खड्डे तिनं कितीतरी बघितले होते. या हवेला तसला वास नव्हता. सारवून, आवरून, दिवेलागणीला कुणाची तरी वाट बघत बसलेल्या घराला असतो, तसा वास होता.

तिनं फरशी पायानं रेटून बसवली. जमीन आखडली असेल, थंडीनं. माणूस काहीही म्हणू शकतो.

५

पुढच्या मंगळवारी अव्वा उठून बसली.

कुणाच्या आधाराशिवाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता हे बसणं विसरा. गालावर तुकतुकी आली होती. ऋतुजा आनंदानं रडली. "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे." बायनाबाईनं हात पदराखाली घेतले.

बुधवारी दुपारी ती वरणभात कालवून घेऊन आली. अव्वा तोंड उघडेना. गाल फुगलेले.

"काय हाय तोंडात?"

अव्वानं मान हलवली. बायनाबाईनं तिचा जबडा धरला, जनावराला गोळी चारताना धरतात तसा, आणि बोट घातलं. बोटावर ज्वारी आली. काळी पडलेली, भिजून टपोरी झालेली, एकेक दाणा वेगळा, आणि एकेक दाणा सोललेला. ज्वारीचा दाणा कुणी सोलतं का? बसून, एकेक करून, कुणीतरी सोललेला. बायनाबाईनं ओंजळभर काढली. अव्वानं तिच्या हातावर चापट मारली.

"काढू नको गं! पचतंय मला. तुझ्या वरणभातानं पोट दुखायलं होतं."

मग बायनाबाईची नजर त्या हाताकडे गेली. अव्वाची नखं दोन महिन्यांची वाढलेली होती. कापायला गेलं की ती ओरडायची. आता दहाही बोटांची नखं कापलेली होती. थोडी थोडी, मुळातल्या रक्ताला धक्का न लावता.

ती उंबऱ्यावर येऊन बसली. तेल, नखं, अन्न, ऊन. ती परसात जे जे करत आली, ते ते आत कुणीतरी करत आलं होतं. कुंपणाजवळ बसून तिनं कासवाला बघितलं होतं आणि तिचा जीव कळवळला होता: बांधून घातलेलं, मऊ पडलेलं, चुकीचं खाऊ घातलेलं. आणि कुणीतरी तसंच अव्वाला बघितलं होतं.

कुणाच्या दयेला भ्यावं, हे तिला त्या दिवशी कळलं.

कारण तब्येत सुधारल्यावर पुढं काय करायचं, हे बायनाबाईला माहीत होतं. तिनंच ठरवलं होतं. इथून न्यायचं. उद्या, गुरुवारी.

संध्याकाळी तिनं ऋतुजाला गाठलं. "उद्या सुट्टी काढ. अव्वाला परभणीला आत्याकडं हलव."

"उद्या ऑडिट आहे मावशी. आणि का? इतकी छान सुधारतेय."

"मी सांगते म्हणून."

"रविवारी बघू ना." ऋतुजा तिच्याकडे बघत राहिली. "तुम्हीच दमलाय. दोन दिवस आराम करा हवं तर."

बायनाबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी न भांडता घरी गेली.

६

गुरुवारी आश्रुबा सकाळीच आला. फटफटीला वेताची टोपली बांधून, कासव कचेरीत पोचवायला. बायनाबाईनं त्याला छपराखाली नेलं. फरशी आता चार बोटं सरकलेली होती.

"जातं उचल," ती म्हणाली.

अडगळीतल्या जुन्या जात्याचा खालचा दगड, चांगला मणभर. दोघांनी लोटत आणला आणि फरशी नीट बसवून तिच्यावर मधोमध ठेवला. चहा ठेवायला बायनाबाई आत गेली, कपबश्या शोधायला आश्रुबा मागोमाग. दोन घोट झाले असतील. बाहेर येऊन बघितलं, तर दगड फरशीच्या बाजूला मातीवर होता. पडलेला नव्हता. ठेवलेला होता. त्याच्यावरची माती, जाळी, पिठाची जुनी खपली सगळं झाडलेलं.

आश्रुबानं हातातली बशी खाली मातीत ठेवली.

खिडकीतून अव्वाचा आवाज आला, अगदी रोजचा. "दगडानं भागलं असतं, तर मालकांनी दगडच ठेवला असता."

बायनाबाईला राग आला. भीतीपेक्षा राग बरा. रागात तिचं डोकं चालायचं. "कंदील आण," ती म्हणाली. जुनी माणसं पेवात उतरायच्या आधी पेटता कंदील सोडून बघायची. विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. हवा वाईट असेल तर समजेल. वाईट हवेनं माणसाला भास होतात, हे तिनं वाचलं होतं. तिला फार फार वाटत होतं की कंदील विझावा.

माळ्यावरचा कंदील निघाला, तळाशी चुळकाभर रॉकेल होतं. काच काजळीनं इतकी काळी की ज्योत म्हणजे नुसता तांबूस डाग. बादलीचा वीस हाताचा दोर लावला. अकरा वाजले होते, परसात लख्ख ऊन. फरशी ओढून बाजूला केली आणि आश्रुबानं कंदील सोडला.

दोर जात राहिला. दोन पुरुष खोल म्हणजे सात-आठ हात. दहा हात गेला. पंधरा. वीस संपायला आला तरी ताण तसाच. खाली तांबडा ठिपका दिसत होता. मग ताण गेला. टेकल्यावर जातो तसा नाही. खालून कुणी हातात घेतल्यावर जातो तसा. ठिपका सावकाश एका बाजूला निघाला, थांबला, आणि दिसेनासा झाला.

दोघं बघत राहिले. आश्रुबा ओठात काहीतरी म्हणत होता. किती वेळ गेला कोण जाणे. दोराला पुन्हा वजन आलं.

"ओढ," बायनाबाई म्हणाली.

कंदील वर आला. विझलेला नव्हता. वात कमी केलेली होती, रॉकेल वाचावं म्हणून घरची बाई करते तेवढी. आणि काच स्वच्छ होती. आतून, बाहेरून, पुसून लख्ख. तिच्यात बायनाबाईला स्वतःचं तोंड दिसलं.

"अक्का," आश्रुबा म्हणाला, "काच कुणी पुसली?"

दोघांनी मिळून फरशी लोटली आणि बायनाबाई सरळ जाऊन खाटेपाशी उभी राहिली. खाट परसदाराच्या चौकटीला टेकली होती. अव्वाच्या अंगावर सणाला नेसायचं इरकल होतं. बायनाबाईनं नेसवलं नव्हतं.

७

तिनं ऋतुजाला फोन लावला. या वेळी विनंती केली नाही. "आत्ता निघ. तुझी आजी जायलीय. दुसरं काही सांगत न्हाई मी." मग नागेशला, ज्याची गावात जीप होती त्याला. फोन कोनाड्यात ठेवून ती बाहेर आली. ऋतुजा पोचायला तास लागणार होता.

फरशी हलत होती. घाई नव्हती तिला. केसभर सरकायची, थांबायची.

आश्रुबा कासव दोन्ही हातांत धरून उभा होता. "अक्का, ठेव की परत," तो हळू म्हणाला. "कासवच हाय शेवटी. तार हाय, सुतळी हाय. आयुष्यभर बसलंच होतं की ते."

तिनं कासव त्याच्या हातातून घेतलं. पंधरा दिवसांपूर्वी उचललं तेव्हा पाय लोंबत होते. आता ते हवेत पोहत होतं. चारही पाय जोरानं, कुठंतरी जायचंय असं. मान बाहेर काढून त्यानं तिच्या पदराची किनार तोंडात धरली आणि ओढून बघितली. कवच अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं, पण अंगठा दबत नव्हता.

ती फरशीपर्यंत गेली. वाकली. पोट दगडाला टेकणार तोच कासवानं मान, पाय सगळं आत ओढून घेतलं. श्वास सोडल्याचा फुस्स आवाज झाला. त्याला जागा ओळखू आली होती.

बायनाबाई सरळ उभी राहिली.

"एकतीस वर्षं जनावरं सोडवली मी," ती म्हणाली. "बांधायची नोकरी केली न्हाई." आणि कासव तिनं आपल्या हातानं टोपलीत ठेवलं, वर ओला कपडा घातला. "जा. मधी कुठं थांबू नको. चहालासुद्धा न्हाई."

"आन् तू?"

"मी इथं हाय की."

फटफटीचा आवाज गल्लीतून निघून गेला. फरशी आता हातभर उघडली होती. दगडानं भागत नव्हतं; जिता जीव लागत होता. बायनाबाईनं फरशी रेटून बसवली, लुगड्याचा ओचा आवरला, आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

हलणं थांबलं. लगेच, एका क्षणात. बोलत असलेलं माणूस कुणी खोलीत आल्यावर गप्प होतं तसं. खालून ऊब येत होती, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांना ती बरी वाटत होती.

ऋतुजा घामाघूम होऊन आली. नागेशची जीप दाराशी लागली. अव्वा हातापायानं खाटेला धरून बसली. "मला न्हाई जायचं! इथं माझं करणारं हाय! लेकरांनो, तिला काय वाटंल?" दोघांनी मिळून तिला उचललं तेव्हा ती बायनाबाईला शिव्या देत होती, चांगल्या घरच्या बाईला येऊ नयेत अशा, कानडीत आणि मराठीत.

ऋतुजा परसात धावत आली. "मावशी, चला ना. तिथं काय बसलाय?"

"गुडघे शेकायलेय. तू हो पुढं. मी कवाडं लावून येते."

"नक्की?"

"अगं, जा म्हणते ना! म्हातारीला ऊन लागायलंय."

८

जीप गेली. रेल्वेच्या फाटकापाशी तिचा भोंगा वाजला तोही ऐकू आला. मग गावातला दुपारचा सगळा आवाज लांब गेला. कुंपणात घोळीची उरलेली पानं उन्हानं मलूल पडायला लागली होती.

बायनाबाईनं हिशेबानं वाट बघितली. अर्धा तास. म्हणजे अव्वा परभणीत शिरली असेल. आत्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढवतील. तिथं जमीन नाही, पेव नाही. आता इथं कुणालाच धोका नाही. कुलूप घालायचं आणि घरी जायचं.

आत कोनाड्यात फोन वाजायला लागला. ऋतुजाच असणार, पोचल्याचं सांगायला. दहा पावलांवर.

ती हाताचा रेटा देऊन उठली.

फरशी तिच्यासोबत उठली. जोर नाही, झटका नाही. पाहुणी निघायला उठली की घरची बाईही पदर सावरत उठते, तशी. बायनाबाई अर्धी उभी होती, फरशी वीतभर वर होती, आणि त्या वीतभर अंधारातून लख्ख पुसलेल्या घराचा वास तिच्या पायांवर येत होता.

ती पुन्हा बसली. फरशीही बसली.

फोन थांबला. तिनं थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग एकदम, फसवून, उडी मारल्यासारखी उठली. फरशी तितक्याच चपळाईनं उठली. या वेळी बायनाबाईच्या कमरेला मागून आधार लागला, म्हातारं माणूस धडपडू नये म्हणून हळूच लावतात तसा. ऊन, मोठ्या तळव्याचा.

तिनं मागं वळून बघितलं नाही. कुणी म्हणेल भ्याली. भ्याली नव्हती; तिनं विचार केला. उठून गेलं, तर हे खालचं घर उघडं राहील. मग अव्वा नाही, तर तिच्यामागून कुणीतरी. गल्लीत सात घरांत म्हातारी माणसं आहेत, सगळ्यांना बघणारं कुणीतरी हवंच आहे.

ती सावकाश, स्वतःच्या मर्जीनं खाली बसली. तळवा बाजूला झाला.

कासवाला तीस वर्षं जमलं होतं. ती चौसष्टची होती.

"बरं," बायनाबाई म्हणाली, मोठ्यानं, खालच्या बाजूला ऐकू जाईल असं. "बसू मग. पन एक आधीच सांगून ठेवते. माझ्या केसाला हात लावायचा न्हाई."

आत फोन पुन्हा वाजायला लागला.